मेस्त्रीकाका, त्या दोन घोड्या आणि एका फळीसाठी मनापासून आभार

प्रिय मेस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार. खरं तर हे सगळं मला तुमच्याशी फोनवर पण बोलता आलं असतं, पण दिवाळीपासून आमच्या घरी जो कोणी येतो तो किचनमधला काउंटर बघतो, फोटो काढतो आणि माप विचारतो, मेसेजवर "उंची किती ठेवलीस, दगड कुठला, भिंत फोडलीत का" असं विचारणारे तर वेगळेच. प्रत्येकाला मी मापं सांगते आणि मग तुमच्याबद्दल, म्हणजे आमच्या सुतारकाकांबद्दल, सांगायला लागते आणि ते काही दोन ओळीत संपत नाही. म्हणून म्हटलं एकदा सगळ्यांसमोर नीट लिहूनच टाकू. तुमच्या पुतणीला लिंक पाठवते, ती तुम्हाला दाखवेलच.

आमचं घर वाचणाऱ्यांना माहीत नाही म्हणून थोडं सांगते. डोंबिवलीत जुन्या बिल्डिंगमधला टू बीएचके, किचन ८ फूट बाय १० फूट, एका लांब भिंतीला ओटा, समोरच्या भिंतीला फ्रीज आणि बाकी मोकळी जागा, आणि त्या मोकळ्या भिंतीच्या पलीकडे हॉल. हॉलमध्ये डायनिंग टेबल आहे पण त्याच्यावर लॅपटॉप, इस्त्रीचे कपडे, मुलाच्या वह्या. सकाळी ते टेबल कुणीच वापरायचं नाही. मुलाची शाळा सातची, ह्याची, म्हणजे नवऱ्याची, लोकल त्याच्यानंतर, मग माझं आवरणं. मुलगा फ्रीजला टेकून पोहे खायचा, हा दारात उभा राहून चहा प्यायचा, मी डबे भरता भरता एक घास एक घास. आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, सगळ्यांचं झाल्यावर ओट्याला एक हात टेकून चहात बुडवून पोळी खायच्या. उभ्याने. वय ७१, दोन्ही गुडघे गेलेले.

मला ब्रेकफास्ट बार हवा होता. इन्स्टाग्रामवर बघून बघून ते चित्र डोक्यात पक्कं बसलं होतं, उंच काउंटर, तीन उंच स्टूल, वरून लोंबणारे तीन दिवे, किचन आणि हॉलमधली भिंत पूर्ण गायब. एका फर्निचर शोरूममधून त्याचं ड्रॉइंग पण करून आणलं होतं, ४२ इंच उंची, आणि मी टोकन द्यायला निघालेच होते. तुम्ही त्या दिवशी वेगळ्याच कामाला आला होतात, खालच्या ट्रॉलीचं चॅनल अडकत होतं ते बसवायला. काम झाल्यावर हात पुसता पुसता तुमचं लक्ष फ्रीजवर लावलेल्या त्या ड्रॉइंगकडे गेलं. तुम्ही ते हातात घेतलं, बराच वेळ बघितलं, आणि एवढंच विचारलंत, "वयनी, हंय बसतला कोण कोण?"

मी म्हटलं आम्ही चौघं. तुम्ही ओट्याकडे बघितलंत, आई तेव्हा तिथेच उभ्या होत्या, हातात बशी. "आई स्टुलार चढतली कशी?"

काका, मला ह्या घरात येऊन १६ वर्षं झाली. आई उभ्याने खातात हे मला दिसत होतं, म्हणजे डोळ्याला रोज दिसत होतं, पण त्याचं काही करायला हवं असं कधी मनात आलं नव्हतं. त्यांची सवयच आहे असं धरून चाललो होतो आम्ही सगळे. तुम्ही पाऊण तास घरात होतात आणि तुम्हाला ते दिसलं. मी जे आभार मानतेय ना ते सगळ्यात आधी ह्या प्रश्नाचे.

मग तुम्ही खुर्ची मागवलीत, साधी, हॉलमधली. आईंना बसवलंत, टेप काढली. जमिनीपासून बसण्याची जागा १८ इंच, आईंचा कोपर कुठे येतो ते भिंतीवर पेन्सिलने खूण करून दाखवलंत. आणि तिथे उभं राहून मला जे समजावलंत ते मी आता सगळ्यांना सांगते, की टेबलाची किंवा काउंटरची जी वरची पातळी असेल त्याच्या १० ते १२ इंच खाली बसायची जागा हवी, मग हात सुखात टेकतात. म्हणजे काउंटर ४२ इंच असेल तर स्टूल ३० इंचाचं लागणार, त्याच्यावर पाय लोंबकळणार, खाली दांडी नसली तर मांड्यांना रग लागणार, आणि उतरताना गुडघ्यावर सगळा भार. ३६ इंच असेल तर स्टूल २४-२६ इंचाचं, तरुण माणसाला छान, पण आमच्या घरात नाही. ३० इंच ठेवलं की साधी १८-१९ इंचाची खुर्ची चालते, पाय जमिनीला पूर्ण टेकतात, मुलगा पण बसतो आणि आई पण. आमचा ओटा ३२ इंचाचा आहे, त्यामुळे ३० चा काउंटर समोर फार खाली पडल्यासारखा दिसत पण नाही. ते इन्स्टाग्रामवाले सगळे उंच काउंटर वाईट आहेत असं अजिबात नाही, ज्यांच्या घरी सगळे धडधाकट आहेत आणि दोन मिनिटं टेकून कॉफी प्यायची आहे त्यांना ते बरोबर. पण माप घराचं नसतं, बसणाऱ्यांचं असतं, हे मला तोपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं.

भिंतीचं तर वेगळंच लिहायला पाहिजे. मी पूर्ण भिंत काढायला निघाले होते. तुम्ही बोटांनी ठोकून बघितलंत, वरचा बीम दाखवलात, स्विचबोर्डापासून खाली गेलेली पायपाची रेघ दाखवलीत आणि स्वच्छ सांगितलंत की हे माझं काम नाही, इंजिनिअरला दाखवल्याशिवाय एक वीट काढू नका. किती जण असं म्हणतात? आम्ही स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं, सोसायटीला अर्ज दिला, त्यात पंधरा दिवस गेले आणि मी तेव्हा थोडी वैतागले होते हेही खरं. आमची भिंत साडेचार इंची विटांची पार्टिशनची निघाली, भार वरच्या बीमवर. तरी इंजिनिअरनी सगळी काढण्यापेक्षा खिडकीसारखं कापा असंच सुचवलं, ४ फूट रुंद आणि काउंटरपासून वर ३ फूट, वर लिंटेल, म्हणजे भार तोलणारी आडवी तुळई, टाकून, वायरिंग बाजूला सरकवून. खालची भिंत राहिली म्हणून दगडाला बसायला आयता आधार मिळाला. इथे वाचणाऱ्यांना मुद्दाम सांगते, आमचा फोटो दाखवून कुणी आपली भिंत फोडायला लावू नका, जुन्या लोड-बेअरिंग घरांमध्ये स्लॅबचा भार भिंतीवरच असतो आणि हल्लीच्या मिवान पद्धतीच्या, म्हणजे साच्यात काँक्रीट ओतून बांधलेल्या, टॉवर्समध्ये तर भिंती सगळ्या काँक्रीटच्या असतात, त्यांना हात लावायचाच नाही.

आणि आता त्या घोड्या.

गणपती आठ दिवसांवर आले होते, तुम्ही गावाला निघालेला, माणगावच्या पुढे रस्ता कसा असेल ह्याची चिंता करत होतात, आणि मला वाटलं आता हे सगळं दसऱ्यानंतरच. तर निघायच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही दोन लाकडी घोड्या, म्हणजे लाकूड कापताना खाली ठेवायचे ते स्टँड, आणि प्लायची एक फळी घेऊन आमच्याकडे आलात. त्या भिंतीला लावून घोड्या ठेवल्यात, वर फळी, खाली लाकडाचे तुकडे सारून बरोबर ३० इंच केलंत. "आधी बसान बघा, मगे बांधूया." पेन्सिल आणि खडू फ्रीजवर ठेवलात आणि म्हणालात की जे खटकेल तिथे खूण करा.

११ दिवस ती फळी आमच्याकडे होती. गौरी-गणपतीत घरात पाहुणे, नैवेद्याची गडबड, आणि ती फळी मधेच. पहिल्याच दिवशी कळलं की १२ इंच खोली पुरत नाही. ताट ठेवलं की वाटी आणि ग्लासला जागा नाही, आणि गुडघे भिंतीला लागतात. तुम्ही मुद्दामच १२ ची फळी आणली होतीत का काका? कारण खाली दुसरी फळी ठेवून गेलात ती १६ ची होती. १६ ने ताट पण बसलं आणि आईंचे गुडघे पण सुटले. पुस्तकी हिशोबाने ३० च्या उंचीला गुडघ्यांसाठी १८ इंच सोडतात हे तुम्ही सांगितलं होतंत, पण मग मागे चालायला जागा उरली नसती. तो हिशोब पण आम्ही फळीमुळेच केला, भिंत ते ओटा ८ फूट म्हणजे ९६ इंच, त्यातून ओट्याचे २४ गेले, काउंटरचे १६ गेले, खुर्चीवर बसलेलं माणूस साधारण २० इंच घेतं, उरले ३६. बसलेल्या माणसाच्या मागून अंग चोरून जायला ३६ पुरतात, हातात गरम कढई असेल तर मात्र "सरका" म्हणावं लागतं. तेवढं आम्ही मान्य केलं.

तिसऱ्या दिवशी फ्रीजचा दरवाजा. फळीच्या टोकाला अडत होता, भाजीचा ट्रे पूर्ण बाहेर येईना. खडूने खूण केली आणि फळी ७ इंच डावीकडे सरकवली. नुसती सरकवली, एवढंच. दगड बसवल्यावर हे कळलं असतं तर मी काय केलं असतं मला विचार पण करवत नाही. मग मुलगा पळताना कोपऱ्याला आपटला, कंबरेला निळं झालं, तिथे मी मोठं गोल काढून ठेवलं, आणि तुम्ही आल्यावर ते बघून काही न विचारता "कोपरे गोल" असं कागदावर लिहिलंत. मला तीन जणांची जागा हवी होती, पण एका माणसाला आरामात जेवायला २४ इंच लागतात आणि ४ फुटांत दोघंच बसतात हे तीन दिवस कोपर लागून लागून आम्हाला स्वतःलाच पटलं. मग तिसरा पलीकडून, हॉलच्या बाजूने. म्हणून त्या बाजूला पण दगड ८ इंच बाहेर काढला, मुलाला तिथे डबा, पाण्याची बाटली, बशी सगळं आतून मिळतं, आणि हा आता दारात उभा न राहता तिथे येतो.

पण मला सगळ्यात जास्त आठवतं ते चौथ्या की पाचव्या दिवसाचं. सकाळी मी उठून किचनमध्ये आले तर आई त्या फळीशी बसल्या होत्या. लाइट लावला नव्हता. चहाचा कप समोर आणि दोन्ही हात फळीवर टेकलेले. मी विचारलं काय झालं, तर म्हणाल्या काही नाही गं, बसलेय. बस.

दगडाचं ठरवताना मी तुम्हाला प्लायवर लॅमिनेट करा म्हटलं होतं, स्वस्त पडेल आणि काम पण तुमच्याकडेच राहील म्हणून. तुम्ही सरळ नाही म्हणालात. "माका काम गावतला, पण ता दोन वर्सांत फुगतला." चांगला आयएस ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय घेतला तरी काठाच्या पट्टीतून पाणी शिरतं आणि गरम पातेलं ठेवलं की लॅमिनेटला डाग पडतो, आणि सकाळच्या घाईत गरम पातेलं ठेवलं जाणारच, हे तुम्ही मला सांगितलंत, म्हणजे तुमच्या हातचं काम तुम्ही स्वतःच ग्रॅनाइटवाल्याला दिलंत. मार्बल नको म्हणालात, लिंबू चिंच सांडलं की पॉलिश जातं. क्वार्ट्झ दिसायला सुंदर पण त्यात रेझिन असतं, गरम कुकर थेट ठेवायचा नाही. शेवटी काळं ग्रॅनाइट, १८ एमएम, काठाला खालून एक पट्टी चिकटवून गोल मोल्डिंग.

आणि तुम्ही माझ्याबरोबर दगडाच्या गोडाऊनला आलात. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून. तिथे मला जो पीस आवडला होता त्याच्यावर तुम्ही पाणी ओतायला लावलंत आणि वाळेपर्यंत तिथेच थांबलात. सगळा दगड वाळला आणि मधे केसाएवढी एक ओली रेघ राहिली. तडा. तो माणूस म्हणत होता की ती दगडाची नैसर्गिक नस आहे. तुम्ही वाद घातला नाहीत, फक्त दुसरा पीस दाखवा म्हणालात. ती युक्ती मी आजपर्यंत चार जणांना सांगितली आहे, त्यातल्या एकीचा ओट्याचा दगड त्यामुळे वाचला.

१६ इंच बाहेर आलेला १८ एमएमचा दगड नुसता तोलून राहत नाही, सहा-आठ इंचांच्या पुढे आधार द्यावाच लागतो, कुणी टेकून उठलं की वजन पडतं ते पुढच्या काठावर. म्हणून खाली दीड इंची चौकोनी एमएस, म्हणजे लोखंडी, पाइपची फ्रेम, फॅब्रिकेटरकडून करून, गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साइड मारून. तिचे तिरके आधार तुम्ही दोन टोकांना आणि एक बरोबर मधे, दोघांच्या गुडघ्यांच्या मधल्या जागेत घेतलात. आज त्याला कुणाचाच गुडघा लागत नाही.

खुर्च्यांसाठी तर शब्द कमी पडतात. मी नवीन बघत होते, दोन चांगल्या खुर्च्यांची किंमत ऐकून गप्प झाले होते. तुम्ही माळ्यावर चढून सासऱ्यांच्या वेळच्या सागवानी खुर्च्या खाली काढल्यात, हातवाल्या, ज्या आम्ही भंगारात द्यायच्या म्हणून तीन दिवाळ्या ठरवत होतो. सांधे खिळखिळे झाले होते. तुम्ही खिळे न मारता सगळे सांधे सोडवलेत, जुना सरस खरवडलात, नवीन खुंट्या घातल्यात, फेविकॉल लावून दोरीने पीळ देऊन बांधून ठेवलंत आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कुणाला हात लावू दिला नाहीत. आणि त्याच्याही आधी हातांची उंची मोजलीत, २६ इंच, फ्रेमखाली पावणेअठ्ठावीस मोकळे, म्हणजे खुर्ची पूर्ण आत जाते आणि पॅसेज मोकळा होतो. "आईक उठताना हात व्हये," एवढंच कारण तुम्ही दिलंत. त्या खुर्चीला हात आहेत म्हणून आई कुणाच्या आधाराशिवाय उठतात. सासरे जाऊन नऊ वर्षं झाली काका. त्या खुर्चीवर आई बसल्या तेव्हा त्यांनी हातावरून तळवा फिरवला, तुम्ही तेव्हा बाहेर पॉलिश पेपर शोधत होतात म्हणून तुम्हाला दिसलं नसेल.

बाकीची कामं झाली हळूहळू. पितृपक्षात आईंना भिंतीला हात लावायचा नव्हता तर तुम्ही पण थांबलात. धूळ प्रचंड झाली. लोंबणारे दिवे मी स्वतःच रद्द केले, त्या खिडकीतून वाकून बघताना ते कपाळाला लागले असते, लिंटेलच्या खाली एक बारीक पट्टीचा दिवा लावला, पिवळसर उजेडाचा, तेवढा पुरतो. एक प्लग पॉइंट मात्र काउंटरजवळ घ्यायचा राहिला होता, तोही तुम्हीच आठवण करून दिलात म्हणून वेळेत झाला, आता सुट्टीच्या दिवशी टोस्टर तिथेच.

नरकचतुर्दशीची सकाळ. अभ्यंगस्नान झालं, बाहेर फटाके, आणि पहिला फराळ आम्ही त्या काउंटरवर मांडला. चकल्या, अनारसे, दहीपोहे. दरवर्षी आई वाढत असतात आणि आम्ही खात असतो. ह्या वर्षी त्या आत बसल्या होत्या, मी पलीकडे, आणि मी तव्यावरून... नाही, फराळाला तवा कुठला, ते नंतरचं आहे. रोजचं सांगते. रोज आता थालीपीठ तव्यावरून उतरलं की मी नुसती वळते आणि ते थेट आईंच्या बशीत. गरम. त्या मला म्हणाल्या की लग्नानंतर गरम थालीपीठ माहेरी गेल्यावरच मिळायचं. असं त्या कधी बोलल्याच नव्हत्या. आता सकाळी बसतात म्हणून बोलतात, मुलाला पाढे विचारतात, शेंगा सोलतात, मेथी निवडतात, दुपारी शेजारच्या काकू येतात तर दोघी तिथेच. काउंटर माझ्या मनात होता नाश्त्याचा, पण दिवसभर कुणी ना कुणी तिथे असतंच.

तुमच्या बिलात त्या घोड्यांचं आणि फळीचं भाडं नव्हतं, गोडाऊनला आलात त्या अर्ध्या दिवसाचे पैसे नव्हते, खुर्च्यांचे जे लावलेत ते फक्त सामानाचे होते. मी जास्त द्यायला लागले तर तुम्ही घेतले नाहीत. ते ठीक आहे, पण निदान हे सगळ्यांना कळू दे की आमच्या घरातलं हे काम कुणाच्या डोक्यातून आणि हातातून आलं. भिंतीवर आईंच्या कोपराची तुमची पेन्सिलची खूण अजून आहे, पेंटर रंग मारायला लागला तर आईंनीच त्याला तेवढी जागा सोडायला लावली.

एक गोष्ट मात्र मला लागून राहिली आहे. तीन महिने तुम्ही आमच्याकडे येत होतात आणि एकदाही बसून चहा घेतला नाहीत. कप हातात घेऊन दाराशी उभे, नाहीतर जिन्यात. मी आग्रह केला की हात दाखवायचे, भुसा लागलाय म्हणून. तर आता कामाला येऊ नका, असेच या, रविवारी सकाळी, वहिनींना घेऊन. घावनं करते, नारळाचा रस करते, तुमच्या गावासारखी जमतील की नाही माहीत नाही पण आईंनी पीठ दळून आणलंय. डावीकडची खुर्ची तुमची, उजवीकडे आई बसतील. मी तव्यापाशी आहे.

तुमची,
डोंबिवलीची वयनी